ट्रंकेतले रेल्वेचे घड्याळ: ओळख कशी पटवावी आणि काळ कसा ठरवावा

रोह्याच्या दक्षिणेला कोकणात आगगाडी धावू लागली ती १९९० च्या दशकात, आणि संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा देवघराशेजारच्या फडताळात, शंभर वर्षांपूर्वीचे रेल्वेचे खिशातले घड्याळ सापडते. गाडी येथे येण्याच्या कितीतरी आधीपासून येथली माणसे मुंबईला जाऊन गाडीवर नोकरी करत होती. गार्ड, ड्रायव्हर किंवा स्टेशनमास्तर म्हणून आयुष्य काढून ती बोटीने, पुढे एस.टी.ने, गावी परतली आणि कोटाच्या खिशातले घड्याळ त्यांच्याबरोबर आले. काही घड्याळे दुसऱ्या वाटेनेही आली आहेत. किनाऱ्यावरच्या गावांतून अनेक जण आगबोटींवर खलाशी म्हणून जात, आणि परदेशी बंदरांत घेतलेले एखादे अमेरिकन घड्याळ त्यांच्या घरी आजही निघते. आपल्या हातातले घड्याळ यांपैकी कोणत्या वाटेने आले असावे, याची चौकशी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आधी करून घ्यावी, कारण पुढे कोणत्या खुणा शोधायच्या हे त्यावर बरेच अवलंबून असते.

कालनिर्णय करताना एक गोष्ट पहिल्यापासून मनात पक्की असावी. घड्याळावरची एकटी खूण क्वचितच वर्ष सांगते. बहुतेक खुणा हद्द सांगतात: हे अमुक सालाच्या आधीचे असू शकत नाही, किंवा अमुक सालानंतरचे असू शकत नाही. जमिनीच्या चतुःसीमा लावाव्यात तशा या हद्दी चारही बाजूंनी लावत गेले की मधला काळ हळूहळू अरुंद होतो. दुसरे असे की, आपण ज्याला एक घड्याळ म्हणतो त्यात खरे तर तीन वस्तू असतात: मशीन, केस आणि तबकडी. दुरुस्तीच्या निमित्ताने यांतली कोणतीही वस्तू कधीही बदललेली असू शकते, म्हणून प्रत्येकीचा काळ स्वतंत्र काढावा आणि मगच तो एकमेकांशी ताडून पाहावा.

हे काम पावसाळ्यात करू नये. आषाढ-श्रावणातल्या आपल्या हवेत उघडे मशीन तासभर जरी राहिले, तरी पोलादी भागांवर ओल धरते, आणि खाऱ्या वाऱ्याने आधीच नाजूक झालेली हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची चाल सांभाळणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, एकदा गंजली की ती पूर्ववत करता येत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली म्हणजे एखाद्या सकाळी, पंखा बंद करून, पांढऱ्या स्वच्छ कापडावर काम मांडावे. लागणारे साहित्य थोडे आहे: दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, कॅमेरा असलेला मोबाइल आणि वही.

घड्याळ आहे त्या स्थितीत, काहीही न पुसता, सर्व बाजूंनी त्याची छायाचित्रे घ्यावीत. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच, आमसूल, राख किंवा रांगोळीने लखलखीत करण्याची सवय हाताला असते, आणि त्याच मायेने कोणीतरी घड्याळही घासून काढते. तसे कदापि करू नये. चांदीवरचे शिक्के आणि झाकणावरची कोरीव अक्षरे केसाच्या जाडीइतकीच खोल असतात, आणि दोन-चार वेळा घासल्यावर घड्याळाची जन्मपत्रिकाच पुसली जाते. काळी पडलेली चांदी काळीच असू द्यावी. त्याचप्रमाणे पन्नास वर्षे बंद असलेल्या घड्याळाला पूर्ण चावी देऊन ‘चालते का’ हे पाहण्याचा मोहही टाळावा, कारण आतले तेल वाळून चिकट झालेले असते आणि जोर पडल्यास चाकांची बारीक टोके झिजतात.

आणखी एक सावधगिरी जिवाशी संबंधित आहे. काट्यांवर आणि आकड्यांवर पिवळट-तपकिरी, किंचित फुगीर रंग भरलेला दिसला, तर तो अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रचारात आला आणि १९६० च्या दशकापर्यंत वापरात होता. आज तो चमकत नसला तरी त्यातले रेडियम तितकेच जिवंत असते. अशा घड्याळाची काच काढू नये, रंग खरवडू नये आणि ते मुलांच्या हाती देऊ नये.

तबकडीपासून सुरुवात करावी, मात्र तिच्यावर फार विश्वास ठेवू नये. पांढऱ्या काचेसारख्या गुळगुळीत तबकडीवर केसासारख्या बारीक चिरा असतील, तर ती तांब्यावर भाजलेल्या इनॅमलची असते. अशी तबकडी कितीही जुनी झाली तरी पिवळी पडत नाही. पिवळी पडलेली, डाग आलेली किंवा पापुद्रे सुटलेली तबकडी धातूवर रंग दिलेली असते आणि सामान्यतः नंतरच्या काळातली असते. रेल्वेच्या कामाच्या घड्याळाचे आकडे मोठे व ठळक असतात, आणि मिनिटांच्या खुणा एकेक मोजता येतील अशा असतात. आतल्या वर्तुळात १३ ते २४ हे आकडे, बहुधा लाल रंगात, असले तर तेही टिपून ठेवावे. तबकडीवरचे नाव मात्र पुष्कळदा विक्रेत्याचे असते. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता’ हे नाव आपल्याकडच्या घड्याळांवर फार आढळते, आणि त्यांपैकी काहींच्या आत लाँजिन या स्विस कारखान्याचे मशीन असते. फाव्र-ल्यूबा या स्विस घराण्याचाही मुंबईशी एकोणिसाव्या शतकापासून संबंध होता. तेव्हा नाव वाचून वहीत लिहावे आणि कर्त्याचा शोध आत घ्यावा.

उघडण्याच्या तीन पद्धती आहेत. मागच्या झाकणाला बिजागरी असेल तर तिच्या समोरच्या कडेला नख घालण्यापुरती बारीक ओठासारखी जागा असते आणि तेथूनच झाकण उचलावे. बिजागरी नसून कडेला बारीक दाते असतील, तर ते झाकण आट्याचे असते आणि तळव्याने दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यास सुटते. तिसरा प्रकार मुख्यतः अमेरिकन घड्याळांत दिसतो: मागे झाकणच नसते, पुढची काच आट्याने काढून संपूर्ण मशीन बिजागरीवर बाहेर वळवावे लागते. यांतले कोणतेही झाकण सहज निघत नसेल तर विळी-सुरीचे टोक घालू नये. तालुक्याच्या गावी अजून एखादा जुना घड्याळजी असतो, त्याच्याकडे जावे आणि आपल्या समोर उघडून घ्यावे. मशीनला बोट लावू नये आणि धूळ उडवण्यासाठी तोंडाने फुंकर मारू नये, कारण घामातले व थुंकीतले क्षार पोलादावर उमटतात.

मशीन दिसू लागले की पहिला प्रश्न असा: हे लिव्हरचे घड्याळ आहे की रॉसकॉफ पद्धतीचे? जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ याने स्वित्झर्लंडमध्ये १८६७ मध्ये सामान्य कामगाराला परवडेल असे वीस फ्रँकचे घड्याळ बाजारात आणले. त्याची युक्ती अशी की, लिव्हरच्या घड्याळात चाकाला अडवून-सोडून ठोका देणारे जे महाग माणकांचे तुकडे (पॅलेट) असतात, त्यांऐवजी त्यात पोलादी खिट्या होत्या आणि भागांची संख्या बरीच कमी होती. पुढे असंख्य कारखान्यांनी ही पद्धत उचलली आणि तबकडीवर ‘सिस्टेम रॉसकॉफ’, ‘रेल्वे’, ‘रेग्युलेटर’ असे शब्द व मागच्या झाकणावर इंजिनाचे उठावाचे चित्र घालून ही घड्याळे हजारोंनी विकली. आपल्याकडे ‘रेल्वेचे घड्याळ’ म्हणून जपलेली कित्येक घड्याळे याच जातीची असतात. इंजिनाचे चित्र ही शोभा आहे, रेल्वेची मोहोर नाही. ठोक्याचा मोठा, कोरडा आवाज, जाडसर चाके आणि माणकांचा जवळजवळ अभाव यांवरून हे घड्याळ ओळखता येते. त्यामुळे त्याचे घरातले मोल कमी होत नाही, परंतु ते रेल्वेने दिले होते असे केवळ चित्रावरून लिहू नये.

लिव्हरच्या चांगल्या मशीनमध्ये चाकांच्या टोकांपाशी तांबूस-गुलाबी ज्वेल, म्हणजे माणकांचे बारीक खडे, दिसतात. स्विस घड्याळांत त्यांची संख्या बहुधा १५ असते, उत्तम अमेरिकन घड्याळांत १७, २१ किंवा २३. बॅलन्स व्हीलची, म्हणजे मागे-पुढे झोके घेत वेळ राखणाऱ्या चाकाची, कडा दोन ठिकाणी कापलेली आणि स्क्रूंनी भरलेली असेल, तर ती उष्णतेचा परिणाम भरून काढणारी जुनी रचना होय. कडा अखंड असून हेअरस्प्रिंग निळी नसता पांढरट असेल, तर ते मशीन बहुतांशी १९३० च्या दशकातले किंवा त्यानंतरचे समजावे, कारण तापमानाने फारशी न बदलणाऱ्या मिश्रधातूंच्या स्प्रिंगा तोपर्यंत सर्रास येऊ लागल्या होत्या. त्या संशोधनाच्या मुळाशी असलेल्या शार्ल एद्वार गिय्योम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. बॅलन्सवरच्या पुलाशी वेग कमी-जास्त करण्याची सुई असते. तिथे इंग्रजी ‘एफ’ व ‘एस’ ही अक्षरे असतील तर घड्याळ इंग्रजी वाचणाऱ्या बाजारासाठी बनवले होते, आणि ‘ए’ व ‘आर’ असतील तर ती फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे होत.

यानंतर क्रमांक. येथे चूक होते ती नेहमी एकच: लोक झाकणाच्या आतला क्रमांक वाचून तक्त्यात साल शोधतात. अमेरिकन घड्याळांत केस आणि मशीन वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होत आणि दुकानदार ती गिऱ्हाइकाच्या निवडीप्रमाणे जुळवून देई, म्हणून तिथे केसच्या क्रमांकाचा मशीनच्या वयाशी काहीही संबंध नसतो. मशीनवर कोरलेलाच क्रमांक घ्यावा. एल्जिन कंपनीचे पहिले घड्याळ १८६७ मध्ये १०१ या क्रमांकाने निघाले, १९०३ च्या सुमारास क्रमांक एक कोटीवर आणि १९१७ च्या सुमारास दोन कोटींवर पोहोचला. ओमेगाचा क्रमांक १९०२ च्या आसपास वीस लाख, १९१६ च्या आसपास पन्नास लाख, १९२३ मध्ये साठ लाख आणि १९४४ मध्ये एक कोटी होता. कारखाने क्रमांकांचे गठ्ठे आधी राखून ठेवत आणि घड्याळ बनल्यावरही ते काही काळ विकले जात नसे, म्हणून अशा तक्त्यातून निघालेल्या सालाला एक-दोन वर्षांची मोकळीक द्यावी. लाँजिनसारख्या काही कारखान्यांनी आपल्या जुन्या नोंदवह्या सांभाळल्या आहेत, आणि क्रमांक कळवल्यास घड्याळ कोणत्या तारखेला कोणाकडे रवाना झाले याचा उतारा मिळू शकतो. आपले घड्याळ अशा कारखान्याचे असल्यास हा मार्ग अवश्य धरावा.

अमेरिकन रेल्वे-घड्याळाची व्याख्या आपल्याकडच्यापेक्षा नेमकी आहे. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातील किप्टन येथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, आणि एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे मागे पडल्यामुळे हा अपघात झाला असे मानले गेले. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब सी. बॉल यांच्याकडे तपासणीचे काम आले आणि १८९३ पासून कडक नियम रूढ झाले: पुढे झाकण नसलेले घड्याळ, १६ किंवा १८ साइज, किमान १७ ज्वेल, पाच स्थितींत जुळवलेली चाल आणि आठवड्यात तीस सेकंदांहून अधिक फरक नाही. १६ साइज म्हणजे मशीनच्या मुख्य पट्टीचा व्यास सुमारे ४३.२ मिलिमीटर आणि १८ साइज म्हणजे सुमारे ४४.९. हे माप केसचे नसून मशीनचे आहे. अशा घड्याळात चावीचे डोके ओढून काटे फिरत नाहीत. पुढची काच काढून १ किंवा २ च्या आकड्याजवळ कडेला लपलेली छोटी कळ बाहेर ओढावी लागते, म्हणजे खिशात धक्का लागून वेळ बदलण्याची भीती राहत नाही. ही कळ ठाऊक नसल्याने चावी ओढून-ओढून मोडलेली घड्याळे पाहिली की वाईट वाटते. हॅमिल्टन कंपनी १८९२ मध्ये स्थापन झाली. तिच्या ९९२ या प्रसिद्ध मशीनची सुधारलेली ‘९९२ बी’ आवृत्ती १९४० मध्ये आली आणि तिचा क्रमांक ‘सी’ अक्षराने सुरू होतो, एवढी एक खूणही काळाचा मोठा भाग छाटून टाकते.

आपल्याकडच्या घड्याळांत सर्वांत बोलकी असते ती झाकणावरची रेल्वेची अक्षरे. ‘जी.आय.पी.’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ही कंपनी १९२५ मध्ये सरकारने चालवायला घेतली, पण नाव तेच राहिले आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आल्यावरच ते गेले. ‘बी.बी. अँड सी.आय.’ म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, आणि तिचीही पश्चिम रेल्वे त्याच दिवशी झाली. बेळगाव-हुबळीकडे नोकरी केलेल्यांच्या घड्याळावर ‘एम. अँड एस.एम.’ असते. मद्रास व सदर्न मराठा या दोन रेल्वे १९०८ मध्ये एकत्र होऊन ही रेल्वे झाली आणि १४ एप्रिल १९५१ रोजी दक्षिण रेल्वेत विलीन झाली, त्यामुळे ती अक्षरे दोन्ही बाजूंच्या हद्दी एकदम देतात. नुसते ‘एस.एम.आर.’ असेल तर कोरीव काम १९०८ च्या आधीचे धरावे. ‘सी.आर.’ किंवा ‘डब्ल्यू.आर.’ असेल तर ती अक्षरे १९५१ नंतर कोरली गेली, मात्र घड्याळ त्याहून जुने असून नंतर नव्या नावाने कोरले गेलेले असू शकते. अशा वेळी टॉर्च अगदी तिरपी धरून पाहावे. जुनी अक्षरे घासून काढलेली जागा किंचित खोलगट दिसते आणि कधी कधी अर्धे अक्षर अजून वाचता येते. अक्षरांखालचा आकडा हा रेल्वेच्या नोंदीतला क्रमांक असतो, कारखान्याचा नव्हे.

केसवरच्या शिक्क्यांविषयी थोडक्यात सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या कायद्यानंतर चांदीवर शिक्के आले: ०.८०० शुद्धतेला रानकोंबड्यासारखा पक्षी आणि ०.८७५ ला उभे अस्वल. इंग्लंडमध्ये आयात केसवर वेगळे शिक्के १९०७ पासून मारले जात, आणि त्यांतल्या वर्षाच्या अक्षरावरून नेमके सालही कळते. आतल्या झाकणावर पदकांची चित्रे असतील तर त्यांतले साल प्रदर्शनाचे असते, घड्याळाचे नसते. पण घड्याळ त्या सालाच्या आधीचे नाही एवढे त्यावरून ठाम सांगता येते.

राजापूर तालुक्यातल्या एका घरात मला असेच घड्याळ दाखवले गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीवर घरातले पूर्वज गार्ड होते आणि हे त्यांचेच घड्याळ, अशी घरातली श्रद्धा होती. झाकण उघडताच आतल्या पत्र्यावर ओमेगाचे नाव आणि ‘ग्राँ प्री, पॅरिस १९००’ ही अक्षरे निघाली. ओमेगा हे नावच १८९४ मधले आहे, म्हणजे १८५३ चा प्रश्न तिथेच मिटला. बाहेरच्या झाकणावर ‘जी.आय.पी.’ होते, म्हणून वरची हद्द १९५१ ची लागली. मशीनवरचा क्रमांक सत्तावन्न लाखांच्या घरातला होता, म्हणून मशीन १९२० च्या आसपासचे ठरले. घरच्यांनी मग जुनी कागदपत्रे काढली, त्यांत आजोबांच्या नोकरीचा दाखला सापडला आणि ते १९२२ मध्ये कामाला लागले होते असे दिसले. त्या घरची कथा खोटी नव्हती, तिच्यातून मधली एक पिढी गळली होती. घड्याळामुळे आजोबांचा नोकरीचा काळ पुन्हा हाती आला, आणि माझ्या मते १८५३ च्या कथेपेक्षा ते अधिक मोलाचे आहे. कागद नेहमी मागावेत: दाखला, निवृत्तीचे पत्र, गणवेशातले छायाचित्र. मोहोर असलेले घड्याळ रेल्वेची मालमत्ता असे, तेव्हा ते घरी कसे आले हेही विचारावे.

मागच्या झाकणाच्या आत सुईने ओरखडलेली बारीक अक्षरे असतात, ती सहसा कोणी पाहत नाही. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी घड्याळजी आपली खूण आणि पुष्कळदा तारीख तिथे लिहीत असे. त्यांतली सर्वांत जुनी तारीख घड्याळाची वरची हद्द होते. केसच्या आतल्या कडेवर मशीन धरणाऱ्या स्क्रूंच्या जुन्या खुणा दोन वेगळ्या जागी दिसल्या, तर त्या केसमध्ये पूर्वी दुसरे मशीन होते असे समजावे.

बनावट माल ओळखणे तुलनेने सोपे आहे. पर्यटकांच्या दुकानांत ‘व्हिक्टोरिया, लंडन १८७५’ असे काही कोरलेली पितळी घड्याळे मिळतात, ती आजची आहेत. अधिक घातक प्रकार म्हणजे खऱ्या जुन्या, साध्या घड्याळावर किंमत वाढवण्यासाठी नव्याने कोरलेली रेल्वेची अक्षरे. झाकणाचा पृष्ठभाग खिशात झिजून मऊ झालेला आणि अक्षरांच्या कडा मात्र नखाला टोचतील इतक्या धारदार असतील, तर ते कोरीव काम ताजे आहे.

सर्व हद्दी वहीत मांडून झाल्या की निष्कर्ष एका ओळीत लिहावा, उदाहरणार्थ ‘मशीन १९१९ ते १९२२, केस मूळ, तबकडी बदललेली’, आणि त्या कागदाची एक प्रत घड्याळासोबत ठेवावी. घड्याळ कातडी पाकिटात ठेवू नये, कारण पावसाळ्यात त्याला बुरशी येते. तांदळाच्या डब्यातही ठेवू नये, कारण कोंड्याची धूळ मशीनमध्ये शिरते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी त्या पुड्या दरवर्षी बदलाव्यात.